अमेरिकी महाविद्यालयांतील गरज-निरपेक्ष प्रवेश आणि मराठी विद्यार्थी

गरज-निरपेक्ष प्रवेश म्हणजे विद्यार्थ्याला प्रवेश द्यावा की नाही हे ठरवताना त्याच्या कुटुंबाची शुल्क भरण्याची ऐपत विचारात न घेण्याचे धोरण होय. इंग्रजीतील 'नीड-ब्लाइंड' या नावाने ते अधिक परिचित आहे. अमेरिकेतील अनेक खासगी महाविद्यालये आपल्या देशातील अर्जदारांसाठी हे धोरण पाळतात. परदेशी अर्जदारांसाठी ते पाळणाऱ्या आणि प्रवेश दिलेल्या प्रत्येकाची संपूर्ण आर्थिक गरज भागवणाऱ्या संस्थांची संख्या मात्र दहाच्या आसपास आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी), अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन, ब्राउन आणि नोत्र दाम या त्यांपैकी प्रमुख होत.

महाराष्ट्रातून अमेरिकेत शिकण्यासाठी जाणाऱ्यांचा इतिहास एकोणिसाव्या शतकापासूनचा आहे. त्या काळी खर्चाचा भार एखादा आश्रयदाता, संस्थान किंवा देणगीदार उचलत असे आणि बहुधा त्यासोबत एखादी अटही येत असे. गरज-निरपेक्ष धोरणात हा भार प्रवेश देणारी संस्थाच उचलते. भारतातील बहुतेक परदेशी शिष्यवृत्त्या पदव्युत्तर शिक्षणासाठी असल्याने बारावीनंतर थेट पदवीसाठी अमेरिकेत जाऊ इच्छिणाऱ्या अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थ्यासाठी हाच मुख्य मार्ग उरतो. सावंतवाडीसारख्या, महानगरांपासून दूरच्या भागातील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने या धोरणाचे बारकावे त्यामुळे विशेष महत्त्वाचे ठरतात.

संकल्पना

गरज-निरपेक्ष प्रवेश आणि पूर्ण अर्थसाहाय्य ही दोन स्वतंत्र आश्वासने आहेत. पहिले आश्वासन निवडीविषयी असते आणि दुसरे पैशांविषयी. एखादी संस्था पहिले पाळून दुसरे न पाळू शकते. अशा वेळी विद्यार्थ्याला प्रवेशपत्र मिळते, पण त्यासोबत येणारे साहाय्य अपुरे असते. या दोन आश्वासनांच्या आधारे महाविद्यालयांचे ढोबळमानाने चार प्रकार पडतात.

१. गरज-निरपेक्ष आणि पूर्ण साहाय्य देणारी: ऐपत न पाहता निवड होते आणि निवड झालेल्याची ठरवलेली गरज संपूर्ण भागवली जाते.

२. गरज-निरपेक्ष, पण पूर्ण साहाय्याची हमी नसलेली: निवड ऐपत न पाहता होते, मात्र उरलेली रक्कम कुटुंबाने उभी करावी लागते.

३. गरज-सापेक्ष, पण पूर्ण साहाय्य देणारी: साहाय्याची मागणी केल्यास निवडीची शक्यता घटू शकते, परंतु निवड झाल्यास गरज पूर्ण भागवली जाते. अनेक नामांकित महाविद्यालये परदेशी विद्यार्थ्यांसाठी या प्रकारात मोडतात.

४. गरज-सापेक्ष आणि अंशतः साहाय्य देणारी: परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत बहुसंख्य अमेरिकी महाविद्यालये या प्रकारची आहेत.

एकच संस्था देशी विद्यार्थ्यांसाठी पहिल्या प्रकारात आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी तिसऱ्या किंवा चौथ्या प्रकारात असू शकते. उदाहरणार्थ, कॉर्नेल विद्यापीठ अमेरिकी अर्जदारांसाठी गरज-निरपेक्ष आहे, परदेशी अर्जदारांसाठी नाही. त्यामुळे 'गरज-निरपेक्ष' हा शब्द आढळला तरी तो कोणत्या अर्जदारांना लागू आहे हे पाहिल्याशिवाय त्यातून निष्कर्ष काढता येत नाही.

गुणवत्तेवर आधारित शिष्यवृत्ती ही याहून वेगळी बाब आहे. ती श्रीमंत विद्यार्थ्यालाही मिळू शकते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी यांसारख्या संस्था पदवीपूर्व स्तरावर गुणवत्ता शिष्यवृत्त्या देत नाहीत. तेथील सर्व साहाय्य गरजेवर आधारित असते.

पूर्वपीठिका: आश्रयदाते आणि अटी

आनंदीबाई जोशी

कल्याण येथे १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांच्या अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षणासाठी त्यांचे पती गोपाळराव यांनी १८८० साली रॉयल वाइल्डर या अमेरिकी मिशनऱ्याला पत्र लिहिले. दांपत्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारावा अशी अपेक्षा वाइल्डर यांच्या उत्तरात होती. जोशी दांपत्याने ती मान्य केली नाही. हा पत्रव्यवहार वाइल्डर यांच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर यांनी तो वाचला आणि आनंदीबाईंना आपल्या घरी आश्रय देण्याची तयारी दाखवली.

निघण्यापूर्वी १८८३ च्या फेब्रुवारीत आनंदीबाईंनी श्रीरामपूर (बंगाल) येथील महाविद्यालयाच्या सभागृहात जाहीर भाषण करून आपला हेतू स्पष्ट केला. त्यानंतर देशभरातून देणग्या आल्या. व्हाइसरॉयकडूनही २०० रुपये मिळाले. पेनसिल्व्हेनियातील महिला वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी त्यांना प्रवेश दिला आणि महाविद्यालयाने शिष्यवृत्तीही दिली. मार्च १८८६ मध्ये त्यांना एम.डी. ही पदवी मिळाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाच्या प्रमुखपदी त्यांची नेमणूक झाली होती, परंतु क्षयामुळे २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आनंदीबाईंचा खर्च अनेक स्रोतांतून उभा राहिला. वर्गणी, एका कुटुंबाचा पाहुणचार आणि महाविद्यालयाची शिष्यवृत्ती हे त्यांतील मुख्य होत. यांपैकी कोणताही स्रोत नियमाने उपलब्ध नव्हता. पत्र एखाद्या नियतकालिकात छापून येणे आणि योग्य व्यक्तीने ते वाचणे यावर सारे अवलंबून होते.

जमशेटजी टाटा यांचा निधी

जमशेटजी टाटा यांनी १८९२ साली परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी स्थापन केला. त्याचे साहाय्य कर्ज-शिष्यवृत्तीच्या स्वरूपाचे आहे, म्हणजे शिक्षणानंतर रक्कम परत करावी लागते. पहिल्या लाभार्थींमध्ये डॉ. फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर या दोन स्त्री-डॉक्टर होत्या. परत आलेल्या रकमेतून पुढच्या विद्यार्थ्यांना मदत देण्याची ही पद्धत आजही चालू आहे.

बडोदा संस्थान आणि बाबासाहेब आंबेडकर

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे घराणे मूळचे कोकणातील, रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे येथील. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडून त्यांना आधी मुंबईतील पदवी शिक्षणासाठी आणि नंतर अमेरिकेतील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ साली मंजूर झालेली ही शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची होती. ४ जून १९१३ रोजी झालेल्या करारानुसार शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानाची सेवा करणे त्यांना बंधनकारक होते. त्याच वर्षी ते न्यू यॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले आणि १९१५ साली त्यांना एम.ए. ही पदवी मिळाली.

१९१६ साली ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली लंडनमधील शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. करारानुसार ते बडोद्यात नोकरीस गेले, परंतु अस्पृश्यतेमुळे त्यांना तेथे राहण्यास जागाही मिळू शकली नाही आणि नोकरी सोडावी लागली. १९२० साली स्वतःची बचत, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या आधारे ते पुन्हा लंडनला गेले. कोलंबियाची पीएच.डी. त्यांना १९२७ साली मिळाली.

या प्रकरणात आश्रयाधारित साहाय्याचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही दिसतात. शिष्यवृत्तीशिवाय अमेरिकेतील शिक्षण शक्य नव्हते. परंतु तिची मुदत आणि सेवेची अट विद्यार्थ्याच्या शैक्षणिक गरजेवरून ठरलेली नव्हती, ती दात्याच्या गरजेवरून ठरलेली होती.

अमेरिकेतील धोरणाचा विकास

अमेरिकेतील गरज-निरपेक्ष धोरण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाले. त्यामागे मोठ्या खासगी विद्यापीठांचा कायमनिधी आहे. देणगीदारांनी दिलेली मूळ रक्कम न खर्चता गुंतवली जाते आणि तिच्या उत्पन्नाचा ठरावीक भाग दरवर्षी खर्च केला जातो. हार्वर्डचा असा निधी २०२४ साली ५३ अब्ज डॉलरांहून अधिक होता. एवढा निधी नसलेल्या महाविद्यालयांना शुल्क भरणाऱ्या विद्यार्थ्यांवर अवलंबून राहावे लागते. परदेशी विद्यार्थ्यांना अमेरिकी केंद्र सरकारचे विद्यार्थी-साहाय्य मिळत नसल्याने त्यांचा सर्व भार महाविद्यालयाच्या स्वतःच्या पैशांवर पडतो. देशी आणि परदेशी अर्जदारांत भेद केला जाण्याचे हे मुख्य कारण आहे.

साहाय्याच्या रकमा परस्परसंमतीने ठरवण्याच्या प्रथेविरुद्ध अमेरिकी न्याय विभागाने १९९१ साली आयव्ही लीगमधील आठ विद्यापीठे आणि एमआयटी यांच्याविरुद्ध मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला दाखल केला. १९९४ च्या एका कायद्यातील कलम ५६८ ने गरज-निरपेक्ष प्रवेश देणाऱ्या संस्थांना गरज मोजण्याचे समान सूत्र वापरण्याची मर्यादित सूट दिली. या सुटीची मुदत ३० सप्टेंबर २०२२ रोजी संपली.

परदेशी विद्यार्थ्यांपर्यंत विस्तार

हार्वर्ड आणि एमआयटी येथे परदेशी अर्जदारांसाठीही हे धोरण आधीपासून लागू होते. २००० ते २००१ या काळात येल आणि प्रिन्स्टन यांनी ते स्वीकारले. प्रिन्स्टनने २००१ मध्ये साहाय्यातून कर्जाचा भाग काढून टाकून त्याजागी परतफेड न लागणारे अनुदान देण्यास सुरुवात केली.

धोरण एकदा स्वीकारले म्हणजे ते कायम राहते असे नाही. २००८ च्या आर्थिक मंदीत कायमनिधींचे मूल्य घसरल्यावर विल्यम्स महाविद्यालयाने २०१० साली परदेशी अर्जदारांसाठीचे गरज-निरपेक्ष धोरण मागे घेतले. डार्टमथनेही ते काही वर्षे पाळून थांबवले आणि ४ कोटी डॉलरांच्या एका निनावी देणगीनंतर जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा लागू केले. त्याच वर्षी बोडनने ते स्वीकारले. ब्राउनने २०२५ च्या शरद ऋतूत दाखल होणाऱ्या तुकडीपासून ते लागू केले, तर नोत्र दाम विद्यापीठाने सप्टेंबर २०२४ मध्ये त्याची घोषणा केली. म्हणून अर्ज करण्याच्या वर्षी संबंधित संस्थेचे धोरण काय आहे हे त्या-त्या वर्षीच तपासावे लागते.

गरजेचे मोजमाप

एका वर्षाच्या एकूण खर्चातून कुटुंबाने देणे अपेक्षित असलेली रक्कम वजा केली असता उरते ती 'गरज'. एकूण खर्चात शिक्षणशुल्क, निवास, भोजन, पुस्तके, वैयक्तिक खर्च आणि बहुतेक ठिकाणी प्रवासखर्च यांचा समावेश होतो. हार्वर्डमध्ये २०२४-२५ साठी शुल्क, निवास आणि भोजन मिळून ८२,८६६ डॉलर, म्हणजे तत्कालीन दराने सुमारे ७० लाख रुपये आकारले जात होते.

कुटुंबाचा वाटा किती हे कुटुंब स्वतः ठरवत नाही, महाविद्यालय ठरवते. त्यासाठी उत्पन्न, बचत, स्थावर मालमत्ता, कुटुंबातील व्यक्तींची संख्या आणि एकाच वेळी शिकणारी भावंडे यांचा विचार होतो. परदेशी अर्जदारांकडून बहुधा कॉलेज बोर्डाचा 'सीएसएस प्रोफाइल' हा अर्ज भरून घेतला जातो. त्याचे शुल्क पहिल्या महाविद्यालयासाठी २५ डॉलर आणि पुढील प्रत्येकासाठी १६ डॉलर असते. अनेक महाविद्यालये मागणी केल्यास परदेशी विद्यार्थ्यांना शुल्कमाफीचा संकेतांक देतात. प्रवेश-अर्जाचे शुल्कही आर्थिक अडचणीच्या कारणास्तव माफ होऊ शकते.

पूर्ण आणि अंशतः साहाय्यातील अंतर एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होते. समजा, एकूण वार्षिक खर्च ८०,००० डॉलर आहे आणि कुटुंबाचा वाटा ४,००० डॉलर ठरला. गरज ७६,००० डॉलरांची झाली. पूर्ण साहाय्य देणारी संस्था ही सर्व रक्कम अनुदान आणि विद्यार्थ्याचे महाविद्यालयातील काम यांतून भागवते. अंशतः साहाय्य देणाऱ्या संस्थेने ४५,००० डॉलर दिले, तर ३१,००० डॉलरांची तूट राहते. एका डॉलरला ८४ रुपये या दराने ही तूट वर्षाला सुमारे २६ लाख रुपये, म्हणजे चार वर्षांत एक कोटीहून अधिक होते. ४५,००० डॉलरांची शिष्यवृत्ती ऐकण्यास मोठी वाटली तरी अल्प उत्पन्न गटातील कुटुंबाला ती निरुपयोगी ठरू शकते.

अर्जातील निर्णय

गरज-सापेक्ष महाविद्यालयात साहाय्य मागावे की नाही हा निर्णय अर्जाच्या वेळीच घ्यावा लागतो. साहाय्य न मागता प्रवेश मिळवून नंतर मागणी करता येईल, असा समज आढळतो. प्रत्यक्षात अनेक महाविद्यालये प्रवेशाच्या वेळी साहाय्य न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला पुढील वर्षांतही ते देत नाहीत. गरज-निरपेक्ष महाविद्यालयात मात्र गरज लपवण्याचे काही कारण नसते.

'अर्ली डिसिजन' या बंधनकारक प्रकारात निवड झाल्यास त्याच महाविद्यालयात जाण्याचे वचन द्यावे लागते. देऊ केलेले साहाय्य अपुरे असल्यास या बंधनातून मुक्तता मिळू शकते.

गरज-निरपेक्षता म्हणजे सुलभ प्रवेश नव्हे. २०२४ मध्ये दाखल झालेल्या तुकडीसाठी हार्वर्डकडे ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ जणांना, म्हणजे सुमारे ३.६ टक्के अर्जदारांना, प्रवेश देऊ करण्यात आला. परदेशी अर्जदारांमधील स्पर्धा आणखी तीव्र असते. एमआयटीमध्ये त्यांच्यातील निवडीचे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास राहिले आहे.

भारतातील पर्यायी स्रोत

केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्यासाठी असून ती पदव्युत्तर आणि पीएच.डी. शिक्षणास मिळते. महाराष्ट्र शासनाच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना याच स्तरांसाठी दिली जाते. टाटा निधी, के. सी. महिंद्रा शिष्यवृत्ती, नरोत्तम सेखसरिया प्रतिष्ठान यांचे कर्ज-स्वरूपी साहाय्य आणि फुलब्राइट पाठ्यवृत्त्या याही मुख्यतः पदवीनंतरच्या शिक्षणासाठी आहेत.

पदवीपूर्व स्तरावरील अपवाद थोडे आहेत. टाटा शिक्षण व विकास न्यासाने २००८ साली दिलेल्या २.५ कोटी डॉलरांच्या निधीतून कॉर्नेल विद्यापीठात भारतीय विद्यार्थ्यांसाठी टाटा शिष्यवृत्ती सुरू झाली. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात १९९७ पासून असलेले यूडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेज हा दुसरा मार्ग आहे. या आंतरराष्ट्रीय संस्थेत अकरावी-बारावीच्या समकक्ष शिक्षण मिळते आणि गरजेनुसार शिष्यवृत्ती दिली जाते. तिच्या पदविकाधारकांना २००० साली सुरू झालेल्या डेव्हिस यूडब्ल्यूसी योजनेतून अमेरिकेतील सहभागी महाविद्यालयांत साहाय्य मिळू शकते. त्यासाठी अर्ज मात्र दहावीच्या सुमारासच करावा लागतो.

सावंतवाडी आणि सिंधुदुर्गातील परिस्थिती

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचा मिळून बनलेला कोकण विभाग राज्य मंडळाच्या निकालात सातत्याने अग्रस्थानी असतो. मार्च २०२४ च्या दहावीच्या परीक्षेत त्याचा निकाल ९९.०१ टक्के लागला. मात्र अमेरिकी महाविद्यालये केवळ बोर्डाच्या गुणांवर निवड करत नाहीत. नववी ते बारावीची गुणपत्रके, शिक्षकांची शिफारसपत्रे, शाळेचा परिचय देणारा अहवाल आणि निबंध यांना मोठे महत्त्व असते. हार्वर्ड, एमआयटी, डार्टमथ आणि ब्राउन यांनी सॅट किंवा एसीटी परीक्षाही पुन्हा आवश्यक केली आहे. महानगरांतील आंतरराष्ट्रीय शाळांत या कामासाठी स्वतंत्र समुपदेशक असतात. तालुक्याच्या ठिकाणच्या मराठी माध्यमाच्या शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात हे काम मुख्याध्यापकांना अथवा वर्गशिक्षकांना प्रथमच करावे लागते.

उत्पन्नाचा पुरावा हा दुसरा प्रश्न आहे. या भागात आंबा, काजू आणि कोकम यांचे हंगामी उत्पन्न, लाकडी खेळण्यांसारखे कारागिरीचे व्यवसाय आणि गोव्यातील नोकऱ्या अशी अनेक प्रकारची उपजीविका आढळते. एका वर्षी मोहोर चांगला आला म्हणून पुढील वर्षीही तेवढेच उत्पन्न होईल असे नसते. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने अनेक कुटुंबांकडे आयकर विवरणपत्र नसते. अशा वेळी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, त्याचे इंग्रजी भाषांतर आणि उत्पन्नातील चढउतारांचा खुलासा करणारे पत्र जोडता येते. साहाय्य-अर्जात विशेष परिस्थिती नोंदवण्यासाठी जागा असते.

जमिनीची नोंद हा त्याहून गुंतागुंतीचा विषय आहे. कोकणात सातबारा उताऱ्यावर अनेक पिढ्यांचे सहहिस्सेदार असणे सर्वसाधारण असून त्यांपैकी काही मुंबईस स्थायिक झालेले असतात. कागदावर कुटुंबाच्या नावे मोठे क्षेत्र दिसले तरी प्रत्यक्ष वाटा अल्प असू शकतो आणि तो विकता येण्यासारखाही नसतो. हे स्पष्ट केले नाही तर महाविद्यालय मालमत्तेचे मूल्य अवास्तव धरण्याची शक्यता राहते. सावंतवाडी तालुक्यातील आंबोली, चौकुळ आणि गेळे या गावांत कबुलायतदार गावकर जमिनींचा प्रश्न दीर्घकाळ प्रलंबित राहिल्याने कसणाऱ्या कुटुंबांना वैयक्तिक मालकीचा उतारा मिळणे कठीण झाले होते.

याचा परिणाम शैक्षणिक कर्जावरही होतो. भारतीय बँकांच्या प्रचलित आदर्श योजनेनुसार साडेसात लाख रुपयांहून अधिक कर्जासाठी सामान्यतः तारण लागते. सामायिक जमीन तारण ठेवण्यास सर्व हिस्सेदारांची संमती आवश्यक असते. म्हणून अंशतः साहाय्यातून उरणारी तूट कर्जाने भरून काढण्याचा मार्ग शहरात स्वतःची सदनिका असलेल्या कुटुंबाला जितका खुला असतो तितका येथील कुटुंबाला नसतो. पूर्ण साहाय्याचे आश्वासन येथील विद्यार्थ्याच्या बाबतीत निर्णायक ठरते ते यामुळे.

मार्गदर्शनासाठी अमेरिकी परराष्ट्र विभागाच्या 'एज्युकेशन यूएसए' या जाळ्याचे केंद्र मुंबईत आहे. महाविद्यालयांचे साहाय्य विभाग अर्जदारांच्या प्रश्नांना विपत्राद्वारे विनामूल्य उत्तरे देतात.

प्रवेशानंतर

प्रवेश आणि साहाय्य निश्चित झाल्यावर महाविद्यालय 'आय-२०' हे प्रमाणपत्र देते. वर्षाच्या खर्चाची तरतूद कोठून होणार आहे हे त्यात नमूद असते. महाविद्यालयाचे अनुदान त्यात नोंदलेले असल्याने पूर्ण साहाय्य मिळालेल्या विद्यार्थ्याला बँकेत मोठी शिल्लक दाखवावी लागत नाही. विद्यार्थ्यांसाठीचा 'एफ-१' व्हिसा मात्र आपोआप मिळत नाही. शिक्षणानंतर मायदेशी परतण्याचा हेतू पटवून देता न आल्यास अमेरिकी स्थलांतर कायद्याच्या कलम २१४(ब) खाली तो नाकारला जाऊ शकतो. कुटुंबाची अल्प मिळकत हा व्हिसा-मुलाखतीत अडचणीचा मुद्दा ठरू शकतो, आणि गरज-निरपेक्षतेचे आश्वासन महाविद्यालयापुरतेच असल्याने वाणिज्य दूतावासावर ते बंधनकारक नसते.

शैक्षणिक सत्रात एफ-१ विद्यार्थ्याला महाविद्यालयाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. शिक्षणशुल्कासाठीचे अनुदान करमुक्त असले तरी निवास-भोजनासाठीच्या अनुदानावर परदेशी विद्यार्थ्यांकडून साधारणतः १४ टक्के दराने कर कापला जातो. काही महाविद्यालये हा भार स्वतः उचलतात. साहाय्याचे दरवर्षी पुनर्मूल्यांकन होते आणि कुटुंबाचे उत्पन्न बदलल्यास रक्कमही बदलते.

टीका आणि वाद

ऐपतीचा आकडा निवड समितीसमोर नसला तरी अर्जातील इतर तपशिलांतून ती उघड होते, अशी या धोरणावरील एक टीका आहे. शाळेचे नाव, पालकांचा व्यवसाय आणि विद्यार्थ्याचे छंद यांवरून कुटुंबाच्या स्थितीचा अंदाज येतो. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना अनेक संस्थांत दिले जाणारे प्राधान्य हाही आक्षेपाचा विषय आहे. ऑपॉर्च्युनिटी इनसाइट्स या संशोधन गटाच्या २०२३ मधील अभ्यासानुसार, समान परीक्षा-गुण असलेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांपैकी सर्वाधिक उत्पन्नाच्या १ टक्का कुटुंबांतील मुले अत्युच्च श्रेणीच्या बारा खासगी विद्यापीठांत शिकण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक असते.

जानेवारी २०२२ मध्ये माजी विद्यार्थ्यांच्या एका गटाने कलम ५६८ खालील समूहातील विद्यापीठांविरुद्ध खटला दाखल केला. काही संस्था देणगीदारांशी संबंधित अर्जदारांना झुकते माप देत असल्याने त्या खऱ्या अर्थाने गरज-निरपेक्ष नाहीत आणि म्हणून सुटीस पात्र नाहीत, असा त्यांचा दावा होता. आरोप अमान्य करत येल, ब्राउन, कोलंबिया, ड्यूक, डार्टमथ यांच्यासह दहा विद्यापीठांनी २०२४ पर्यंत एकूण २८.४ कोटी डॉलरांची तडजोड केली.

गरज-सापेक्ष धोरणाच्या समर्थकांचा युक्तिवाद वेगळा आहे. निधी मर्यादित असताना ऐपत न पाहता अनेकांना प्रवेश देऊन अपुरे साहाय्य देण्यापेक्षा थोड्यांना प्रवेश देऊन त्यांची पूर्ण गरज भागवणे अधिक प्रामाणिक आहे, असे ते म्हणतात. विद्यार्थ्याच्या दृष्टीने दोन्ही मार्गांत नकार असू शकतो. एका ठिकाणी तो प्रवेश समितीकडून मिळतो, तर दुसऱ्या ठिकाणी प्रवेशपत्र हाती आल्यावर खर्चाच्या आकड्यांतून.

सद्यस्थिती

हार्वर्डने २०२५-२६ पासून वार्षिक १ लाख डॉलरांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि सर्वसाधारण मालमत्तेच्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांचा संपूर्ण खर्च उचलण्याचे जाहीर केले. एमआयटीनेही त्याच मर्यादेचे धोरण लागू केले आहे. दुसरीकडे, जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या अमेरिकी कायद्याने विद्यार्थीसंख्येच्या तुलनेत मोठा कायमनिधी असलेल्या खासगी विद्यापीठांवरील कर १.४ टक्क्यांवरून कमाल ८ टक्क्यांपर्यंत वाढवला. शुल्क भरणारे विद्यार्थी ३,००० पेक्षा कमी असलेल्या लहान महाविद्यालयांना त्यातून वगळण्यात आले. साहाय्याचा पैसा याच निधीतून येत असल्याने या कराचा भविष्यातील साहाय्यावर काय परिणाम होईल याविषयी चर्चा सुरू झाली.

मे २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने हार्वर्डची परदेशी विद्यार्थी घेण्याची परवानगी रद्द करण्याचा आदेश काढला. न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. त्याच महिन्यात विद्यार्थी-व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबवण्यात आल्या आणि जूनमध्ये समाजमाध्यमांवरील खात्यांच्या तपासणीच्या अटीसह त्या पुन्हा सुरू झाल्या. त्यामुळे अर्जदारांना महाविद्यालयाच्या धोरणाबरोबरच व्हिसाविषयक नियमांतील बदलही विचारात घ्यावे लागतात. अमेरिकेतील अर्जासोबत भारतातील प्रवेशपरीक्षांचा आणि महाविद्यालयांचा पर्याय खुला ठेवण्याची पद्धत त्यामुळे सर्वत्र आढळते.